इंचाची खूण आणि तिरकी रेघ

माझे वडील फौंड्रीत लाकडाचे पॅटर्न करायचे, आणि त्यांनी कधी चूक कबूल केल्याचं आमच्या घरात कुणालाच आठवत नव्हतं. बाजारातून किडकी वांगी आणली तरी त्यांचं म्हणणं एकच, वांगी घेताना चांगली होती, घरी येईपर्यंत किडली. आई मग ती वांगी त्यांच्यासमोरच चिरायची. हा हट्ट माझ्यातही पुरेपूर उतरला आहे. शिवाय मी चिडकी. एका घरात आम्ही दोघं कसे नांदलो, ते आईलाच माहीत.

पॅटर्न म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते. लोखंडाची वस्तू ओतायची तर तशीच वस्तू आधी लाकडाची करावी लागते. ती वाळूत दाबून काढली की वाळूत तिचा ठसा उरतो आणि त्या ठशात तापलेला रस ओततात. पंपाचं झाकण असो नाहीतर इंजिनाचं चाक, आधी ते आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातून सागवानात जन्माला यायचं. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कायम लाकडाच्या भुशाचा वास असायचा. आबा घरी आले की आधी अंगणात शर्ट झटकायचे, तरी तो वास त्यांच्याबरोबर आत यायचाच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि पेठेत कॉम्प्युटरचा पहिला क्लास निघाला होता. एका तालमीच्या मागे, जिन्याच्या वरची खोली. चपला खाली काढायच्या, पाय पुसायचे, मगच वर जायचं. देवळात शिरल्यासारखं सगळं. आत तीन यंत्रं आणि एका यंत्रामागे आम्ही चौघं. दर चौघांना मिळून एक तास. म्हणजे माझ्या वाट्याला पंधरा मिनिटं यायची, आणि त्यातली पाच शेजारचा मुलगा खुर्ची सोडेपर्यंत जायची. फुटबॉलची मॅच असली की खालून जाणाऱ्या पोरांच्या आरोळ्यांत सरांचं शिकवणं बुडून जायचं. तरीही त्या पंधरा मिनिटांसाठी मी दिवसभर तळमळायचे. आपण लिहिलेलं यंत्रानं ऐकलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली की मला एवढा आनंद व्हायचा की जिना मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरायचे.

कोर्स संपला आणि तो आनंदही संपतो की काय अशी वेळ आली. घरी यंत्र असणं शक्यच नव्हतं. मुरगूडला मामीचा शिवणवर्ग होता आणि तिला हाताखाली कुणीतरी हवं होतं. आईनं माझी बॅग भरायलाही काढली. मला शिवण येत नाही असं नाही, पण काजाचं नाव काढलं तरी डोकं फिरतं.

त्याच सुमारास आबांच्या मालकांनी कॉम्प्युटर घेतला. का घेतला ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. शेजारच्या कारखानदारानं घेतला, म्हणून यांनीही घेतला. तो ऑफिसात प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकून ठेवलेला असायचा आणि पाव्हणे आले की मालक कव्हर काढून दाखवायचे. मी आबांना म्हटलं, मला तिथं घ्या म्हणून मालकांना विचारा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा शर्ट झटकता झटकता म्हणाले, "उद्या चल माझ्यासंगं. बोलून ठेवलंय."

मालक माणूस रोखठोक. खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "हे बघ, मला पुण्याचा एक पोरगा कबूल झालाय. दसरा झाला की सोमवारी येतोय तो. तुझा बाप म्हणतोय म्हणून तुला सांगतो. आपल्या स्टोअरात दोनशेवर पॅटर्न पडल्यात. कुठलं काय, कुठल्या मापाचं, ते फक्त मिस्त्रींच्या, तुझ्या बापाच्या डोक्यात. ती सगळी यादी या मशिनीवर छापून दे. खंडेनवमीला सकाळी पूजा हाय, तवा यादी माझ्या हातात पाहिजे. बरोबर निघाली तर नोकरी तुझी. न्हाय निघाली तर पुण्याचा पोरगा."

हातात बारा दिवस होते. माझ्यासाठी एक आख्खं यंत्र, आख्खा दिवस. मी हो म्हटलं, आणि बाहेर येऊन आबांना विचारलं, पॅटर्नची नावं तुम्हाला सगळी आठवतात ना? ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच मान खाली घातली.

पहिले तीन दिवस आम्ही स्टोअरात बसलो. आबा एकेक पॅटर्न उचलायचे, पट्टी न लावता माप सांगायचे आणि मी वहीत लिहायचे. माप सांगायची त्यांची पद्धत जुनी होती. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. "चार इंच दोन सूत. पुढं लिही. सा इंच पाच सूत." मी सुतं अपूर्णांकात लिहायचे, पाच सूत म्हणजे पाच रेघ आठ. मधूनच संशय यायचा म्हणून त्यांच्या नकळत मी पट्टी लावून बघायचे. दर वेळी माप तंतोतंत निघायचं, आणि दर वेळी ते मला पट्टी लावताना पकडायचे.

चौथ्या दिवशी मी यंत्रासमोर बसले. आजच्या मुलांना हसू येईल, पण माहिती एका जागी आणि प्रोग्राम दुसऱ्या जागी ठेवायची अक्कल मला तेव्हा नव्हती. मी सरळ सगळी यादीच प्रोग्राममध्ये लिहायला घेतली. एका पॅटर्नला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत यंत्राला हुकूम की एवढा मजकूर छाप. मजकूर कुठून कुठवर, हे यंत्राला कळावं म्हणून तो दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये ठेवायचा, एक सुरुवातीला, एक शेवटी. वीस ओळी झाल्या आणि मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर चुकांची रांग लागली. ओळी वीस आणि चुका एक्केचाळीस.

अर्धा दिवस गेला तेव्हा कुठे कारण कळलं. इंच दाखवायला आपण आकड्याच्या डोक्यावर दोन उभ्या टिकल्या देतो. कळफलकावर त्या टिकल्या आणि अवतरणचिन्ह एकच. मी पाच इंच लिहिले की पाचच्या पुढच्या टिकल्या बघून यंत्राला वाटायचं, मजकूर संपला. मग उरलेली ओळ त्याला निरर्थक बडबड वाटायची. त्या बिचाऱ्याची चूक नव्हती, पण मी त्याला शिव्या घातल्या.

क्लासच्या सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "ते चिन्ह टाळा. इंच असं अक्षरात लिहा, विषय संपला." मला पटलं. आबांना मात्र पटलं नाही.

"अक्षरं कोण वाचणार?" ते म्हणाले. "यादी बघून पॅटर्न काढणार कोण? साचा भरणारी माणसं. त्यास्नी इंग्रजी येत न्हाय. आकडा वळखत्यात आणि वरच्या दोन टिकल्या वळखत्यात. एक टिकली फूट, दोन टिकल्या इंच. टिकल्या न्हाईत तर ती यादी न्हाय."

"अहो, यंत्र घेत नाही ते."

"मग यंत्राला शिकीव की."

मी पाय आपटत ऑफिसात गेले. राग आला होता, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. साचा भरणाऱ्यांमध्ये सगळ्यात म्हातारे होते ते चाचा. वाळूत हात घालून पस्तीस वर्षं झालेली, अक्षरओळख शून्य, पण कुठल्या पॅटर्नला किती वाळू लागेल ते मुठीत धरून सांगायचे. ती यादी त्यांच्या उपयोगाची नसेल तर ती कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

मालकांनी यंत्राबरोबर आलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक कपाटात ठेवलं होतं, प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट. ते फोडलं. दीड दिवस शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत बसले. आणि एका पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, ते सापडलं. मजकुरात अवतरणचिन्हच छापायचं असेल तर त्याच्या आधी एक तिरकी रेघ द्यावी. डावीकडे डोकं टेकलेली, मागे कललेली रेघ. कळफलकावर ती कायम दिसायची आणि ती कशासाठी आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तशी रेघ दिली. बटण दाबलं. प्रिंटर कर्र कर्र करत सरकला आणि कागदावर उमटलं, पाच इंच. आकडा आणि वर दोन टिकल्या. रेघ कुठेच नव्हती.

आता खरं तर मी नाचायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा की काम झालं तरी का झालं हे कळल्याशिवाय घास उतरत नाही. मी रेघ लिहिली होती, मग छापताना ती गेली कुठे? उद्या अशीच दुसरी एखादी गोष्ट गायब झाली तर? दुपारच्या सुट्टीत डबा उघडून मी आबांसमोर हेच रडगाणं गायलं. ते भाकरी मोडत ऐकत होते. मग डबा बाजूला ठेवून उठले आणि त्यांनी फळीवरून एका चाकाचा पॅटर्न काढून आणला.

"ह्ये काळं काय हाय?" त्यांनी विचारलं.

चाक सगळं लाल रंगवलेलं होतं, आणि मधोमध, दोन्ही अंगांना, लाकडाचा एकेक काळा गोल तुकडा बाहेर आलेला होता. असे काळे तुकडे मी लहानपणापासून बघत होते. काळा रंग लावायचं काम तर दिवाळीच्या सुट्टीत आबा मलाच द्यायचे. पण मला वाटायचं, ती शोभा आहे.

"ओतल्यावर चाकाला हे तुकडे असत्यात का?" आबांनी विचारलं.

"नाही. तिथं भोक असतं."

"व्हय की. मग लाकडात कशाला केले? ते चाचासाठी हाय. काळं दिसलं की त्यानं समजायचं, ह्ये लोखंड न्हाय, ही मला दिलेली सूचना हाय. हितं वाळूची कांडी बसवायची, म्हंजे तिथं रस जाणार न्हाय. पॅटर्नात काळं असतंय, वस्तूत नसतंय. काळं नसलं तर चाचा भोक बुजवून टाकंल." त्यांनी पॅटर्न खाली ठेवला. "तुझी रेघ तसलीच हाय. यंत्राला सांगायपुरती. काम झालं, गेली."

मी तोंडात घास तसाच ठेवून बसले. सहा महिन्यांत सरांनी जे सांगितलं नाही, पुस्तकानं बारीक अक्षरांत लपवलं, ते माझ्या बापानं ठेचा-भाकरी खाताना सांगितलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते ठेच्यावर ढकललं.

त्यानंतरचे दिवस मी हवेतच होते. त्या रेघेचे आणखी प्रताप पुस्तकात होते. तिच्यापुढे एक अक्षर लिहिलं की नवी ओळ, दुसरं लिहिलं की मजकूर सरकून नीट खान्यात बसायचा. खुद्द रेघच छापायची असेल तर दोन रेघा, पहिली दुसरीसाठी. आणि एका अक्षरानं तर यंत्र चक्क 'पीं' करायचं. मी यादीच्या प्रत्येक पानाच्या शेवटी ते घालून टाकलं. गरज काही नव्हती. पण पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा बाहेर साचा भरणारी माणसं हातची कामं टाकून ऑफिसच्या दाराशी जमली. मालकांचा नियम होता की काळ्या वाळूचे पाय घेऊन आत यायचं नाही, म्हणून सगळे उंबऱ्यावरूनच माना लांब करून बघत होते. चाचांनी तर जाऊन नळावर पाय धुतले आणि आत आले.

"परत वाजीव," ते म्हणाले.

मी वाजवलं.

"मिस्त्री," चाचांनी वळून आबांना हाक मारली, "तुमची पोरगी मशिनीला शिट्टी वाजवायला लावती की."

आबा म्हणाले, "लावंल की. शिकलीया ती." असं माझ्याबद्दल ते माझ्यासमोर कधी बोलले नव्हते. त्या दिवशी मी चाळीस ओळी लिहिल्या आणि एकही चूक निघाली नाही.

शेवटच्या तीस ओळी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी लिहिल्या. घाई झाली होती, कारण संध्याकाळी ऑफिस झाडूनपुसून पूजेसाठी रिकामं करायचं होतं. यंत्रानं एकही तक्रार केली नाही, म्हणून मीही काही तपासलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. सकाळी फौंड्रीत गेलो तर लेथवर झेंडूच्या माळा, भट्टीला हळदकुंकू, आबांच्या रंध्याला आणि पटाशीला फुलं. ऑफिसात कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातली होती आणि मालक पडद्यावर कुंकवाचं बोट लावायला निघाले होते. मी ते कसंबसं कव्हरवर लावायला लावलं. नारळ मात्र बाहेर फोडला. सगळी माणसं नवे कपडे घालून, पाय धुऊन, आज आत आली होती. मालकांनी इशारा केला आणि मी बटण दाबलं.

प्रिंटर निघाला. भोकांची किनार असलेला कागद दुमडत दुमडत टेबलाखाली गेला आणि एकेक पान संपलं की 'पीं' होत राहिलं. दर आवाजाला माणसं हसत होती. शेवटचं पान आलं तेव्हा मालकांनी अख्खी यादी उचलली, आबांना पट्टी आणायला सांगितली आणि म्हणाले, "मी ओळ वाचतो. पॅटर्न आणा, मोजा."

पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा चाचांनी स्वतः यादीवरचा आकडा आणि टिकल्या बोटानं दाखवून फळीवरून शोधून आणला, आणि तोही बरोबर निघाला. मालकांनी मग शेवटचं पान उलगडलं, मधेच बोट ठेवलं आणि थांबले.

"पंपाचं झाकण," ते म्हणाले. "जाडी अडतीस इंच."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मालकांनी आपल्या कमरेच्या जरा खाली हात धरून दाखवला. "एवढं जाड. झाकण हाय का विहिरीचा कठडा?" सगळी फौंड्री हसायला लागली. माझे हात इतके थरथरायला लागले की पडद्यावर मजकूर आणायचं बटणसुद्धा सापडेना. डोळ्यांसमोर मुरगूड आणि मामीची काजं. मालक हसत नव्हते. ते म्हणाले, "असल्या यादीवर कुणी झाकण ओतलं तर? पुण्याच्या पोराला..."

"थांबा," आबा म्हणाले. "आकडा मी सांगिटला. चूक माझी हाय."

हसणं थांबलं. तीस वर्षांत त्या कारखान्यात हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. चाचा तर आबांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"तुम्ही अडतीस इंच सांगिटलं?" मालकांनी विचारलं. "मिस्त्री, तुम्ही?"

"सांगिटलं असंल. वय झालं. आणा बघू ते झाकण, मोजतो परत." ते कुणालातरी स्टोअरात पाठवून मोकळे झाले. झाकण आलं. मग आबांनी चष्मा काढला, नव्या शर्टाच्या टोकानं पुसला, उजेडात धरून बघितला, परत पुसला. पट्टी लावली. हलल्यासारखी वाटली म्हणून काढून परत लावली. मालक पाय हलवत उभे होते. एवढ्या वेळात माझे हात जरा स्थिर झाले. ती ओळ मी पडद्यावर आणली आणि नीट बघितली.

तीन सूत. तीन रेघ आठ. भाग दाखवणारी रेघ पुढे कललेली असते, आणि मी घाईत मागे कललेली दिली होती. पाच-सहा दिवस जिच्यावर बोटं खेळत होती तीच रेघ. यंत्राला ती सूचना वाटली, म्हणून त्यानं ती गिळली आणि तीन नि आठ एकमेकांना चिकटले.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "आबांनी तीन सूतच सांगितलं होतं, वहीत आहे. इथं मी उलटी रेघ दिली."

मी वही मालकांसमोर ठेवली आणि रेघ बदलली. त्या दुपारच्या तीसही ओळी सगळ्यांदेखत तपासल्या. तशा आणखी दोन सापडल्या, त्याही बदलल्या आणि शेवटचं पान पुन्हा छापलं. आबांनी तोवर पट्टी खिशात घातली होती. मालकांनी नवं पान वाचलं, वही बघितली, मग आबांकडे बघितलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तीस वर्षांत पहिल्यांदा चूक कबूल केली, आणि तीबी तुमची न्हवती."

आता मालकही हसत होते. मला म्हणाले, "पुण्याच्या पोराला मी सांगतो. दसरा झाला की ये तू." चाचांनी पेढ्याचा बॉक्स आधी माझ्यासमोर धरला. मी दोन उचलले.

परत येताना आबा सायकल हातात धरून चालत होते आणि मी शेजारून. मी इतकी खुशीत होते की वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले होते. पेठेच्या तोंडाशी आल्यावर मात्र विचारलं, "आबा, तुम्हाला माहीत होतं ना, चूक तुमची नव्हती?"

"न्हवतीच," ते म्हणाले. "मी कवा चुकतो?"

"मग असं का सांगितलं?"

"तुझं हात बघितलं. घाबरलेल्या माणसाला आपली चूक सापडत न्हाय. म्हटलं, तुला जरा येळ मिळूदे."